बोंडं पिकण्याचे दिवस

ऋताची बारावीची परीक्षा सुरू आहे. पेपरच्या दिवशी ती आंघोळीला जाण्याआधी मी तिचा टॉवेल दोरीवरून काढतो. त्याने आधी स्वतःचं ओलं तोंड पुसतो, मान पुसतो, मग कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे, दोनदा घासून बघतो. काही टोचत नाही. मग घडी घालून तिच्या दाराच्या कडीला लावतो.

"पपा, हद करते हो तुम. माझा टॉवेल रोज गीला का असतो?"

"असंच," मी म्हणतो.

ती हसते आणि जाते. तिच्या डोक्यात त्या वेळी भौतिकशास्त्र असतं. बापाचा वेडेपणा तिला परीक्षेनंतर आठवेल.

घराच्या मागच्या भिंतीला लागून फड्या निवडुंगाचं झाड आहे. निवडुंगाला झाड म्हटलं की नवीन माणूस हसतो, पण त्याने येऊन बघावं. बुंधा माझ्या मांडीएवढा जाड, साल करडी आणि भेगाळलेली; खालचे काटे कधीच गळून गेलेत. माणसाच्या डोक्याच्या वर गेल्यावर ते फुटायला लागतं, फड्यावर फडा, त्यावर आणखी एक, जसं कुणी हातावर हात ठेवत गेलंय. अण्णा साताऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आले, त्यांनी हा प्लॉट घेतला आणि तारेचं कुंपण होईपर्यंत म्हणून शेताच्या बांधावरचे चार फडे आणून इथे टोचले. तीन मेले. चौथ्याला आम्ही कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही. कुंपण झालं, ते गंजलं, भिंत आली, अण्णा गेले, आई गेली. गल्लीतले लोक त्याला नागफणी म्हणतात आणि कधीकधी सुचवतात, "कटवा दो भिया, घर में काँटा अच्छा नी." मी हो म्हणतो. कापत नाही. कापला तरी फडा जिथे पडेल तिथे मूळ धरतो.

माघ सरत आला की बोंडं पिकतात. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी डांबर मऊ होतं. बाजारात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात आणि संध्याकाळी कुठेतरी कुणीतरी तो भाजत असतं, त्याचा धूर गल्लीभर. लग्नांचे लाउडस्पीकर परीक्षेमुळे दबून वाजतात. आणि भिंतीवरून दिसतात ती बोंडं, फड्यांच्या काठाकाठाने ओळीत बसलेली, आधी हिरवी, मग गुलाबी, मग अशी जांभळी की हाताला लागलेला रंग दोन दिवस जात नाही. बुलबुल येतात. त्यांना कुसळं कशी लागत नाहीत, कोण जाणे.

मोठ्या काट्याला मी कधी घाबरलो नाही. तो दिसतो. बोंडावर जे असतं ते दिसत नाही. बारीक, पिवळट, केसाहून बारीक कुसळांचे पुंजके असतात. बोट लावलं की शेकडो एकदम शिरतात आणि काढायला गेलं की मोडतात. वाऱ्याने उडतात, कापडात बसतात. धुतलं तरी कापडातून जात नाहीत. म्हणून आमच्या घरी या कामाची रीत ठरलेली होती. आई ती गेंदाबाईकडून शिकली होती, म्हणजे शिकवणारी गेंदाबाईच होती, हे आधी सांगायला हवं.

गेंदाबाई आमच्याकडे कपडे-भांडी करायची. लोहारद्याजवळच्या एका खेड्यातली, नवऱ्याबरोबर मजुरीला देवासला आलेली, रेल्वेच्या पलीकडे झोपडीत राहणारी. ती चिमट्याने बोंडं तोडायची, निखाऱ्यावर धरून फिरवायची, मग वाळूत लोळवायची, आणि शेवटी जुन्या पंचात घालून, पंचाची दोन्ही टोकं धरून, बाळाला झोका द्यावा तशी हलवत राहायची. बोंडं स्वच्छ चकचकीत निघायची. त्यांचा रस काढून आई त्यात खडीसाखर आणि जिऱ्याची पूड घालायची. आणि तो पंचा लगेच, त्याच वेळी, पाणी तापवायच्या बंबात जायचा. "ईके जलई दीजो, बई," गेंदाबाई दर वेळी बजावायची. "धोवा से नी जाय." हे जाळून टाका, धुऊन जात नाही.

पंचा बंबात टाकण्याचं काम माझं होतं. मी बारा वर्षांचा होतो.

त्या वर्षी विजूताई अकरावीतून बारावीत गेलेली, म्हणजे आता ऋता आहे तशीच. आमच्यात पाच वर्षांचं अंतर. ती पहाटे उठून गच्चीवर जायची आणि गणितं मोठ्याने सोडवायची, जणू समोर कुणी मूर्ख विद्यार्थी बसलाय. तिला पुलांची चित्रं काढायचा नाद होता. क्षिप्रेवरचा पूल, नर्मदेवरचा पूल, न पाहिलेले पूल. इंदूरला जाऊन इंजिनिअर व्हायचं, असं तिने अण्णांना सांगून टाकलं होतं आणि अण्णा नाही म्हणाले नव्हते. तेव्हाच्या आमच्या गल्लीत ही लहान गोष्ट नव्हती.

पेपरच्या तीन दिवस आधी, रविवारी, बोंडं काढली. गेंदाबाईला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून बोंडं आईनेच काढली. काम झाल्यावर आईने पंचाची घडी चिमट्यात धरून माझ्याकडे दिली. बंब विझलेला होता. पुन्हा पेटवायचा म्हणजे गोवऱ्या आणा, फुंका, धूर खा. बाहेर मुलं "बापू, बापू" करत ओरडत होती, कारण बॅट माझी होती. मी पंचा झाडाच्या मागे, भिंत आणि बुंधा यांच्यामधल्या फटीत कोंबला. संध्याकाळी जाळू म्हटलं.

संध्याकाळी आईने विचारलं, "पंचा जाळलास ना रे?"

"जाळला."

किती सहज तोंडातून गेलं ते. खोटं बोलतोय असंही वाटलं नाही, कारण मी जाळणारच होतो. मग जेवण झालं, झोप आली, आणि मी विसरलो. खरंच विसरलो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही पुरेसं नाही.

सोमवारी वारा होता. पंचा फटीतून निघून मोरीजवळ येऊन पडला असणार. गेंदाबाईला तो तिथल्या दोरीखाली सापडला. दोरीवरून पडला असं समजून तिने तो बाकीच्या कपड्यांबरोबर धुतला, वाळवला आणि घडी करून ढिगात ठेवला. अण्णांचे सगळे पंचे सारखेच, लाल काठाचे. ओळखणार कोण.

बुधवारी पहिला पेपर. पहाटेच्या अंधारात ताईने गार पाण्याने तोंड धुतलं आणि ढिगातला वरचा पंचा घेऊन डोळे चोळून चोळून पुसले, झोप जावी म्हणून.

तिची ती किंकाळी मला अजून ऐकू येते असं लिहायचा मोह होतो, पण ती किंचाळली नाही. ती फक्त म्हणाली, "आई, डोळ्यांत काहीतरी गेलंय." मग पुन्हा पंचानेच पुसलं. आईने गुलाबपाणी घातलं. सात वाजेपर्यंत पापण्या अशा सुजल्या की फटी उरल्या. आईने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली तर तो हात तोंडापर्यंत नेताना चुकला. अण्णांनी तिला सायकलवर बसवून केंद्रावर नेलं. तिने पेपर लिहिला. एका ओळीवर दुसरी ओळ, असं नंतर कुणीतरी सांगितलं. बाकीच्या पेपरांना ती इंदूरच्या इस्पितळात होती, आणि डॉक्टर भिंगातून बघत एकेक कुसळ काढत होते. उजवा डोळा वाचला. डाव्यात फूल पडलं. ते पांढरं, ढगाळ, अजून आहे.

डॉक्टरांनी कुसळं दाखवली तेव्हा आईला पंचा आठवला. घरी येताच तिने गेंदाबाईला बोलावलं. मी दाराआड उभा होतो.

"आमचा पंचा तू बोंडं पुसायला घेतलास? तुझ्या घरच्या बोंडांना?"

"नी बई. म्हने तो नीचे पड्यो मिल्यो. म्हने धोई दियो."

"खोटं बोलू नकोस. आमचा पंचा बापूने जाळला. रविवारीच जाळला."

गेंदाबाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिने असं बघितलं, जसं एखाद्याला पत्ता विचारतात. मी काही बोललो नाही. आतल्या खोलीतून ताई, डोळ्यांवर पट्टी, खाटेवरून ओरडली, "तिला जायला सांग आई. तिचे हात मला दिसायला नकोत." आणि गेंदाबाई गेली. जाताना मोरीतली भांडी घासून, उपडी घालून गेली.

चैत्राच्या नवरात्रात आम्ही टेकडीवर मातेच्या दर्शनाला गेलो. देवासात कुणी आजारी असलं की माणसं मातेला चांदीचे अवयव वाहतात. डोळ्यांसाठी पातळ पत्र्याचे दोन छोटे डोळे. आम्ही चढत होतो, गेंदाबाई उतरत होती. आईला पाहून ती पायरीच्या कडेला झाली आणि हळू म्हणाली, "बई, विजू बेन का नाम से आँख चढ़ई आई." आईने तोंड फिरवलं. माझी नजर खाली गेली. गेंदाबाईच्या पायांत नेहमी चांदीची जाड कडी असायची, भांडी घासताना ती फरशीवर वाजायची. त्या दिवशी पाय मोकळे होते. घोट्याभोवती फक्त फिकट कातडीचा पट्टा होता.

तेव्हा सांगता आलं असतं. दहा पायऱ्या धावत उतरलो असतो तरी पुरे होतं. मी वर चढलो आणि मातेपुढे हात जोडून उभा राहिलो.

त्यानंतरचं सगळं एका दमात सांगता येतं. पुढच्या वर्षी ताईने पुन्हा परीक्षेला बसायचं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, वाचलेल्या डोळ्यावर ताण नको. दोन वर्षांनी धारच्या एका जुन्या घरात, दरबाराशी कधीकाळी नातं असलेल्या, तिचं लग्न झालं. मुलगा बिजवर होता, पहिल्या बायकोचा एक मुलगा होता. माणूस चांगला होता. ताई कधी तक्रारीचं बोलली नाही. पुलांची वही मात्र तिने देवासहून नेली नाही; आईच्या पश्चात ट्रंकेत ती मला सापडली आणि मी ती परत ट्रंकेत ठेवली. मी शिकलो, नोकरी केली, देवासलाच राहिलो, आणि दरवर्षी या दिवसांत बोंडं काढून, चिमट्याने, निखाऱ्यावर, वाळूत, पंचात, सगळी रीत पाळून, पंचा जाळून, राख होईपर्यंत उभा राहून, स्टीलच्या डब्यातून धारला नेत राहिलो. ताईला बोंडं अजून आवडतात. डबा उघडताना ती दरवर्षी एकच वाक्य म्हणायची.

"झाडाचा काय दोष रे. हात वाईट होते."

मी मान हलवायचो. चाळीस वर्षं म्हणजे चाळीस वेळा असेल.

या वर्षी तिने परीक्षेआधी फोन केला. ऋताला आशीर्वाद दिले आणि मग माझ्या बायकोला म्हणाली, "तिचे कपडे वेगळे धू. कामवाल्या बायकांचा भरवसा धरू नकोस, आमच्याकडे काय झालं ते तुला ठाऊक आहे." बायकोला ठाऊक आहे, म्हणजे घरात जे सांगितलं जातं ते ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तिने आमच्याकडे येणाऱ्या बाईला सांगितलं, "परीक्षा होईपर्यंत बेबीच्या कपड्यांना हात लावू नका." त्या बाईने कारण विचारलं नाही. नुसतं "ठीक है" म्हणाली आणि ऋताची ओढणी बादलीतून काढून दोन बोटांनी कडेला ठेवली. ती दोन बोटं मी बघितली. गेंदाबाईची शिक्षा अजून चालू आहे आणि ती आता भलतीच बाई भोगतेय.

त्याच रविवारी मी डबा घेऊन धारला गेलो. ताई ओट्यापाशी उभी राहून रस गाळत होती. डावी बाजू तिला दिसत नाही म्हणून मी नेहमी तिच्या उजवीकडे उभा राहतो. त्या दिवशी डावीकडे उभा राहिलो.

"ताई, तो पंचा मी जाळला नव्हता."

"कुठला पंचा?"

तिच्या हातातलं गाळणं थांबलं. जांभळा रस थेंब थेंब पातेल्यात पडत राहिला. मग मी सगळं सांगितलं, बॅट, विझलेला बंब, फट. ऐकून झाल्यावर ती स्टुलावर बसली.

"गेंदा तेच म्हणत होती. खाली पडलेला मिळाला."

"हो."

"मला आत्ता का सांगितलंस?"

"सांगायला हवं होतं, ताई."

"मला? मला सांगून काय होणार होतं बापू. माझा डोळा तर गेलाच होता. सांगायचं तिला होतंस." तिने पदराने उजवा डोळा पुसला. "ती माझ्या लग्नात आली होती, ठाऊक आहे तुला? मांडवाच्या दाराशी, बांगड्या घेऊन. मी म्हटलं, हिला आधी बाहेर काढा. मुंडावळ्या बांधलेल्या तोंडाने म्हटलं." मग म्हणाली, "तू बोंडं आणायचास. मी तिला शिव्या द्यायचे. आणि तू ऐकून घ्यायचास."

मला वाटत होतं की ती माझ्यावर ओरडेल, किंवा माफ करेल. दोन्हींपैकी काहीतरी घेऊन मी देवासला परतेन. मी जे चाळीस वर्षं वागवलं त्यातलं अर्धं तिच्या ओट्यावर ठेवून येतोय, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं. माझ्याकडचं मात्र तिळभर कमी झालं नाही.

"गेंदा आहे का रे अजून?"

मला माहीत नव्हतं. मी कधी शोधलंच नव्हतं.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत आम्ही दोघं लोहारद्याला गेलो. ताई आदल्या दिवशी बसने देवासला येऊन राहिली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत होता, मध्येच पळस पेटलेले, आणि शेतांच्या बांधांवर नागफणी, लालजांभळ्या बोंडांनी भरलेली, मैलच्या मैल. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाचलेला डोळा त्या बाजूला होता. बाजारात दोघातिघांना विचारत आम्ही त्या खेड्यातल्या घरापर्यंत पोचलो. अंगणात एक बाई हरभरा सोलत होती. गेंदाबाईची मुलगी, रेशम. तोंड अगदी आईचं.

"माँ तो गी," ती म्हणाली. "दो बरस हुई ग्या."

तिने खाट टाकली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने ताईच्या तोंडाकडे, मग डोळ्याकडे बघितलं आणि उभी राहिली. "विजू बेन? माँ तो आखर तक तमारो नाम लेती थी. केती थी, म्हारा हाथ से बेन की आँख गी. उना पछे माँ ने किनी का कपड़ा नी धोया. ईंटभट्टा पे गी, खेत में गी. कपड़ा नी धोया." त्यानंतर गेंदाबाईने कधी कुणाचे कपडे धुतले नव्हते. मग रेशम ताईच्या पायांशी वाकायला लागली, आईच्या वतीने.

ताईने तिचे खांदे धरले आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. हिंदीत, तुटक, चार वाक्यांत. चाळीस वर्षांचं चार वाक्यांत मावलं.

रेशम पुन्हा खाली बसली. तिने एक घाटा सोलला, दाणे सुपात टाकले. आणखी एक सोलला.

"माँ का सामे केणो थो, भिया."

आईसमोर सांगायचं होतं. एवढंच. त्यात तिखट काही नव्हतं. अंगणातली माती, तसं ते वाक्य होतं. मी तिला काही द्यायला पाकीट काढणार होतो, ते खिशातच राहिलं. ती आत गेली, चहा घेऊन आली. आम्ही कप हातात धरून बसलो तर म्हणाली, "पी लो, ठंडी हुई री है." मी प्यायलो. इतका गोड चहा मला आयुष्यात कुणी दिला नाही.

परतताना बागली गेलं, चापडा गेलं. देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "पुढच्या वर्षी बोंडं आणू नकोस."

"बरं."

"मला राग नाहीये," ती म्हणाली. "पण आणू नकोस."

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामाची बाई आली तेव्हा तिने स्वतः ऋताचे कपडे बादलीत टाकले आणि म्हणाली, "ये भी धो देना." बाई पुन्हा "ठीक है" म्हणाली, पहिल्यासारखंच. टॉवेल मात्र मी अजून तपासतो. संशय बाईवर नाही. सगळ्यांच्या कामाचा मला भरवसा वाटतो, माझ्या स्वतःच्या कामाचा वाटत नाही.

आज सकाळी ऋताने पुन्हा विचारलं, या वेळी न हसता. "सच बताओ पपा, टॉवेलचं काय आहे?"

आणि मी म्हणालो, "असंच."

ती गेली. मी मोरीपाशी उभा राहिलो. झाड बोंडांनी वाकलं होतं, खाली पडलेल्यांना मुंग्या लागल्या होत्या. "असंच" म्हणणारा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. "जाळला" म्हणणाऱ्या पोराचा.

मी हे मराठीत लिहिलं, त्यातही एक पळवाट होती हे मला आता दिसतंय. रेशमला हे वाचता येणार नाही. ताईला एवढं बारीक वाचवत नाही. ऋताचं शिक्षण हिंदीत झालं. मराठी ती बोलते, पण वाचताना अडखळते, चार शब्दांनंतर वैतागते. शनिवारी तिचा शेवटचा पेपर आहे. त्या दुपारी हे कागद मी तिच्या टेबलावर ठेवणार आहे आणि शेजारची खुर्ची ओढून बसणार आहे. ती अक्षर लावत वाचेल, अडेल तिथे मला विचारेल. पंचा तिला कळेल. बंब कदाचित कळणार नाही. कुसळ हा शब्द तर तिने कधी ऐकलेलाच नाही. तो मला सांगावा लागेल.